गवताला काही होत नाही

घेवड्याचं पान वळलेलं दिसलं आणि खतमावशी जागीच थांबली.

तसं पाहिलं तर पान वळणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. ऊन वाढलं की पान वळतं, पाणी कमी पडलं की वळतं, मावा लागला तर हमखास वळतं. पण हे वळणं तसलं नव्हतं. शेंड्याचं कोवळं पान आतल्या बाजूला मुठीसारखं आवळलेलं होतं आणि देठाला पीळ पडला होता. मावशीने पान उलटं करून पाहिलं. मावा नाही, कोळीकीड नाही. माती चिमटीत घेऊन पाहिली, ओल बरोबर. मग तिने शेजारचं रोप पाहिलं. तेही तसंच, आणि त्याच्या पलीकडचंही तसंच.

"काय बघताय मावशी एवढं वाकून?" कुंपणाशी उभ्या असलेल्या शिंपीणबाईने विचारलं. रान तिचंच होतं.

"काही नाही गं. पाणी जास्त होतंय का ते बघत होते," मावशी म्हणाली आणि पान तोडून पदराखाली घेतलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे कान तापले.

तिला सगळी वस्ती खतमावशी म्हणायची. काही टवाळ मंडळी पाठीमागे उकिरडाबाईही म्हणायची, ते तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. भाजीपाला पिकवणाऱ्यांची ही वस्ती, आणि वस्तीचा खताचा सामाईक ढीग मावशीच्या ताब्यात. घरोघरचं खरकटं, पालापाचोळा, सुताराच्या कारखान्यातला भुसा, तबेल्यातली लीद, जे जे म्हणून कुजण्यासारखं ते सगळं ढिगावर यायचं. मावशी थर रचायची, पाणी मारायची, उलथायची, कोपरापर्यंत हात खुपसून आतली ऊब बघायची. हंगाम उलटला की काळंभोर, भुसभुशीत खत तयार व्हायचं आणि ज्याच्या त्याच्या रानाप्रमाणे वाटलं जायचं. बाहेरचं खत आणायचं नाही, फवारे मारायचे नाहीत आणि काही म्हणजे काही बाहेर फेकायचं नाही, हा वस्तीचा बाणा होता. आसपासचे लोक यांना विक्षिप्त म्हणायचे आणि भाजी मात्र यांच्याकडूनच न्यायचे.

वाटणीच्या आधी एक रीत होती. नव्या खताने एक परात भरायची, तीत जव पेरायचे आणि परात शेडच्या दारात ठेवायची. जव सरळ, हिरवागार उगवला की खत चांगलं. मग सगळ्यांदेखत मावशीने पहिली पात खुडून चावून खायची आणि नंतरच फावडी चालायची. यंदा जव इतका दाट आला होता की शिंपीणबाई म्हणाली होती, "मावशी, मूठभर खत जास्त द्या, नवऱ्याच्या टकलावर पेरून बघते." शिंप्यासकट सगळे पोट धरून हसले होते. मावशीने पात खाल्ली, गोड लागली म्हणाली आणि ढिगाचा मोठा भाग त्याच दिवशी घरोघर गेला.

आता मावशी कुंपणाकुंपणाने निघाली. कोणी पाहिलं तर सहज फिरतेय असं वाटावं म्हणून हळू चालायचा प्रयत्न करत होती, पण पाय ऐकत नव्हते. न्हाव्याच्या रानात टोमॅटोची रोपं. शेंडे पिळवटलेले, पानं नेच्यासारखी बारीक होऊन गुंडाळलेली. पुढे गवंड्याच्या विधवा बहिणीचा वाटाणा. तिथेही तेच. बटाट्याचे शेंडे तेच. गवंड्याच्या बहिणीच्या वाफ्यातला लसूण मात्र ताठ उभा होता. मक्याला काही झालं नव्हतं. कांद्यालाही नाही. हे काय गौडबंगाल आहे ते मावशीला कळेना, आणि न कळल्याने ती जास्तच घाबरली. रोग असता तर तो असा घर निवडून, पीक निवडून आला नसता. जिथे जिथे ती स्वतः फावड्याने खत टाकून आली होती, तिथे तिथे हे आवळणं तिच्या आधी पोचलेलं होतं.

शेवटी घरचं रान राहिलं. तिथे जायला तिची छाती होईना.

घरचं रान यंदा सुनेने घेतलं होतं. सून शहरातली, कार्यालयात बसून काम करणारी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती ढिगाजवळून जाताना नाकाला ओढणी लावायची. मग एकदा थंडीत मावशीने तिचा हात धरून ढिगात खुपसला. आतली ऊब लागली तशी पोरगी लहान मुलासारखी हसली, आणि तिथून तिला मातीचं वेड लागलं. यंदा नोकरी सोडून तिने रान कसायला घेतलं होतं. लोक म्हणाले, सासूने सुनेला भुलवलं. मावशीला ते ऐकून बरं वाटलं होतं.

सून वाफ्यात उकिडवी बसली होती. वरच्या बाजूचे घेवड्याचे वाफे छान होते. तिथपर्यंत खत पुरलं नव्हतं. खालचे सगळे वाफे मुठी आवळून उभे होते.

"आई, बरं झालं आलात. हे बघा ना काय झालंय. माझंच काहीतरी चुकलं का? पाणी मी सकाळीच देते, तुम्ही सांगितलं तसं."

मावशीने तोंड उघडलं. तुझं काही चुकलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं.

"ऊन लागलंय," ती म्हणाली. "होईल ठीक."

सून तोंडाकडे बघत राहिली. मग मान डोलावून पुन्हा वाफ्यात वाकली. आपल्या सांगण्यावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाकडे बघवत नाही, हे मावशीला त्या दिवशी कळलं.

तिथून ती तडक तबेल्यात गेली. बाकी ढिगात दरसालचंच पडलं होतं. नवं काही असेल तर ते इथूनच आलं असणार, असं तिचं मन सांगत होतं.

घोडेवाला म्हणजे सरळ माणूस, जीभ सैल पण मन स्वच्छ. तो घोड्याच्या पाठीला खरारा करत होता. "या मावशी! लीद हवी का? यंदा भरपूर आहे. खाऊन खाऊन कशी फुगलीत बघा ही बाळं."

"भाऊ, यंदा गवत कुठून आणलंस?"

"का हो? खालच्या अंगाला ते मोठं कुरण आहे ना, तिथल्या माणसाकडून. उत्तम माल! एक काटा नाही, एक रुंद पान नाही, नुसतं गवत. दरवर्षी पेंढीत काटेरी तण यायचं, घोड्यांची तोंडं सोलवटायची. या माणसाने फवारा मारून सगळं तण साफ केलंय."

"कसला फवारा?"

"तण मारायचा. घाबरू नका, मी विचारलं ना त्याला. गवताला काही होत नाही, घोड्यालाही काही होत नाही." त्याने घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "बघा की!"

घोडा खरंच चांगला होता. तुकतुकीत, टवटवीत. मावशी त्याच्याकडे बघत वाचलेली पिकं एकेक करून मनात मोजायला लागली. लसूण, कांदा, मका, सगळी बारीक, लांब पात्यांची. आणि जव. जव तरी दुसरं काय आहे? गवतच.

तरी माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. तालुक्याच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा नंबर तिच्याकडे होता. त्या दरसाल मातीचे नमुने घ्यायला यायच्या आणि जाताना पाटीभर काकड्या न्यायच्या. मावशीने तबेल्याबाहेर उभं राहून फोन लावला आणि धडाधड सगळं सांगितलं. 

"मावशी, हे औषध गवताच्या काडीत बसून राहतं," बाई म्हणाल्या. "घोडा गवत खातो, ते त्याच्या पोटातून तसंच बाहेर येतं. ढिगात एवढी ऊब असते, सगळं कुजतं, पण हे लवकर मोडत नाही. आणि रुंद पानाच्या रोपांना त्याचा कणसुद्धा पुरतो. तुम्ही खत पारखायला काय पेरता?"

"जव."

"जवाला ते दिसणारच नाही हो." बाईंचा आवाज मऊ झाला. "मी दरवर्षी ती परात बघत होते. माझ्याही कधी डोक्यात आलं नाही."

"मग आता?"

"उरलेलं खत कोणाला देऊ नका. रोपं ढिगावर परत टाकू नका. जाळू नका. ओढ्याकडे जाऊ देऊ नका. सपाट जमिनीवर गवतात पसरायचं, आणि ते गवत तिथून हलवायचं नाही. मातीतले जीवजंतू हळूहळू मोडतात त्याला. दोन वर्षं, तीन वर्षं. नक्की नाही सांगता येत."

मावशीने फोन ठेवला. आपण ती पात सगळ्यांसमोर चावून खाल्ली, गोड लागली म्हणालो, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. तिने एकेका घराला हाताने विष वाटलं होतं आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

मग तिने शेडमध्ये माणसं गोळा केली. कसंबसं सांगितलं. आधी कोणाला उमजेना. मग उमजलं आणि एकच गिल्ला झाला. न्हावी घोडेवाल्याच्या अंगावर धावून गेला. घोडेवाला "मला काय माहीत, मला काय माहीत" करत भिंतीला टेकला. शिंपीणबाई, जी एरवी गप्प बसत नाही, ती गप्प होती. तेच मावशीला सगळ्यात जास्त लागलं.

"आधी तो उरलेला ढीग नजरेसमोरून हलवा," गवंडी म्हणाला.

"हलवा म्हणजे? कुठं?"

"कुठंही! टाका की दगडखाणीत."

"खाणीतलं पाणी झिरपून कुणाच्या विहिरीत जातं?" मावशीने विचारलं.

"मग घळीत टाका."

"घळ ओढ्याला मिळते."

"मग आम्ही काय डोक्यावर घेऊन बसायचं?" गवंडी ओरडला.  जन्मभर ही माणसं दुनियेला ऐकवत आली होती, की फेकायला जागा म्हणून कुठे नसते, जे फेकता ते कुणाच्या तरी अंगणात पडतं. आता तेच त्यांच्या गळ्याशी आलं होतं, आणि एरवीची शहाणी माणसं घळीकडे आशेने बघत होती. मावशीला ढिगाची वाटली नव्हती एवढी भीती त्या नजरांची वाटली.

सभा तशीच मोडली. मावशी शेडच्या मागे ढिगाकडे गेली, निदान ताडपत्री तरी घालावी म्हणून.

ढीग नव्हता. जमिनीवर काळा डाग होता आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे.

ट्रॅक्टर तिच्या मुलाचा. सभेत तो मागे उभा होता, आणि मध्येच दिसेनासा झाला होता, हे तिला आत्ता आठवलं. तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलाने उचलला तेव्हा त्याचा आवाज चोरासारखा होता.

"आई, मी घळीतच टाकणार होतो. तुझ्यावर सगळे तुटून पडले, मला बघवेना. म्हटलं, संपवून टाकू एकदाचं."

"होतो म्हणजे? टाकलंस की नाही?"

"वाटेत खालच्या वस्तीतल्या लोकांनी अडवलं. म्हणाले, एवढं सोनं टाकून देतोस? आम्हाला दे. किती वर्षं मागतोय, तुम्ही देत नाही." तो थांबला. "आई, मला सांगताच आलं नाही. विष आहे म्हटलं असतं तर तुझं नाव… त्यांनी ट्रॉली रिकामी केलीसुद्धा."

मावशीने पुढचं ऐकलं नाही. ती उतारावरून धावत सुटली.

या वयात धावणं म्हणजे सोपं नाही. चप्पल एक राहिली एक गेली, आणि डोळ्यांसमोर फक्त फावडी दिसत होती. खालची वस्ती गरीब. रानं तुकड्यातुकड्यांची, आणि प्रत्येक तुकड्यात घेवडा, वाटाणा, टोमॅटो, कारण घराला तेच लागतं. हिच्या वस्तीचा एक हंगाम बुडाला तर चिमटा बसेल. यांच्या चुली विझतील. आणि ते झालं तर तिच्या लेकाने, तिची लाज झाकण्यासाठी केलेल्या कामामुळे. देवा, फावडी हळू चालू दे, एवढंच ती म्हणत होती.

खालच्या वस्तीत आनंदीआनंद होता. बायका घमेली भरभरून नेत होत्या. एक म्हातारी ओंजळीत खत घेऊन वास घेत होती, डोळे मिटून. तिला सगळे काकी म्हणत.

"आली बघा देणारी!" काकी म्हणाली. "ये बाई. केवढा जीव तुझ्या हातात. माती अशी असते होय!"

"काकी, ते खाली टाका. हात धुवा. कोणी रानात घालू नका."

घमेली थांबली. काकीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "का गं?"

"चुकून आलंय. मला परत न्यायचंय."

"चुकून?" एक तरणी बाई पुढे झाली. कडेवर मूल होतं. "दिलेलं परत घेताय? मुलाने दिलं आणि आईच्या पोटात दुखायला लागलं?"

"तसं नाही पोरी…"

"तसंच आहे. वरच्यांचं नेहमी तसंच असतं. आम्ही मागितलं की ढीग लहान होतो."

ते खरं होतं. मावशीनेच दरसाल सांगितलं होतं, आमच्यापुरतंच होतं म्हणून. त्या बायका पुन्हा घमेली उचलायला लागल्या. विश्वास ठेवावा असं मावशीने कधी काही केलंच नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि हाताने खत ओढून जवळ करायला लागली, जसं कोणी आपलंच मूल ओढून घ्यावं तसं. ते बघून तर बायकांची खात्रीच पटली. कोणीतरी हसलं.

"विष आहे त्यात!" मावशी किंचाळली.

शेडमध्येही हा शब्द तिने उच्चारला नव्हता. तिथे ती औषध म्हणाली होती, दोष म्हणाली होती.

"माझ्या ढिगात विष आहे. मी बनवलंय. मला कळलं नाही. आमची सगळी रानं गेली, सुनेचं रान गेलं. हे घातलंत तर तुमचा घेवडा उगवेल आणि मुठी वळून मरेल, वाटाणा मरेल. पुढच्या वर्षीही मरेल. मी तुमच्या पाया पडते, मला शिव्या द्या, पण हे उचलू द्या."

तिचं रडणं ऐकून त्या तरण्या बाईच्या कडेवरचं मूलही रडायला लागलं. 

"मी विहिरीच्या कडेच्या वाफ्यात घातलंय," कोणीतरी मागून हळूच म्हणालं. "मातीत मिसळलंसुद्धा."

मग मात्र पळापळ झाली. मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला, खाली मान घालून. बायकांनी, पुरुषांनी, सगळ्यांनी मिळून खत ओढलं, वाफ्यांची वरची माती खरवडली, झाडूने झाडून गोळा केली. काकी मावशीशी एक शब्द बोलली नाही, पण शेजारी बसून तीही खरवडत होती. विहिरीच्या कडेचा वाफा हातभर खोल खणून काढला. तरी सगळं आलं असेल का? मावशीने पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं. काळी माती आणि काळं खत, एकदा मिसळल्यावर कोण सांगणार?

ट्रॉली भरली. मुलगा स्टिअरिंगवर बसला आणि म्हणाला, "आता कुठं?"

सपाट जमीन हवी, खाली विहीर नको, ओढा नको. मावशीने वस्तीतली सगळी रानं डोळ्यांपुढे आणली, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाचं तरी सापडावं म्हणून आणली. सापडलं नाही. तसं रान एकच होतं.

"घरी," ती म्हणाली.

मुलाच्या लक्षात आलं. "आई, ते तिचं आहे."

"माहीत आहे मला. चल."

सून बांधावर उभी होती. ट्रॉली बघून तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. सभेत काय झालं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"ऊन लागलंय म्हणालात," ती मावशीला म्हणाली.

मावशीची मान वर होईना. "घाबरले गं."

"मी सकाळपासून माझीच चूक शोधतेय. त्या खालच्या वाफ्यांना दोनदा पाणी दिलं. माफी मागितली त्यांची, वेड्यासारखी." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही घाबरलात ते ठीक. पण मला एकटीला का सोडलंत?"

 मावशीने सगळं सांगितलं, परात, घोडे, खालची वस्ती, विहिरीच्या कडेचा वाफा. शेवटी रानाचं सांगितलं, तेव्हा तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पसरायचं, वर गवत पेरायचं, दोन-तीन वर्षं हात लावायचा नाही.

सून वरच्या वाफ्यांकडे वळली. ते वाफे बिचारे सरळ उभे होते, तिच्या पहिल्या वर्षाचे.

"हे काढून घेऊ आधी," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. मुळांसकट एकेक रोप मातीच्या गोळ्यासह उचलून पाटीत ठेवायला लागली. मुलगा मदतीला वाकला तशी म्हणाली, "तू नको. खालच्या वस्तीत नेऊन दे ही. जिथं वाफे खरवडलेत तिथं नको म्हणावं, दुसरीकडे लावा. आणि या वेळेला काय आहे ते नीट सांगून दे."

ट्रॉली रिकामी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मावशीशी मात्र त्या दिवशी पुन्हा बोलली नाही, आणि पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

गवत पेरलं. शेडच्या दारात आता परातीत जवाशेजारी घेवडाही पेरतात, वाटाणाही पेरतात. घोडेवाला पेंढी घेताना इतके प्रश्न विचारतो की कुरणवाला वैतागतो. वस्तीने मावशीला ढिगावरून काढलं नाही. तिनेच जायची तयारी दाखवली होती, पण शिंपीणबाई म्हणाली, "राहू द्या. आता जेवढ्या घाबरून बघाल तेवढं दुसरं कोण बघणार?" ती थट्टा होती की शिक्षा, हे मावशीला आजवर ठरवता आलेलं नाही. खालच्या वस्तीच्या विहिरीकडून कोणी वर येताना दिसलं की ती अजून हातातलं काम टाकून उभी राहते.

आणि घरच्या रानातलं गवत! असं गवत वस्तीने पाहिलं नव्हतं. गुडघाभर, दाट, लुसलुशीत. वाटसरू थांबून बघायचे. नवा आलेला कोणीतरी विचारायचा, एवढा चारा वाया का घालवता? मावशी त्याला हात धरून बाजूला घ्यायची आणि पहिल्यापासून सांगायची. मग तो माणूस गेल्यावर तिला वाटायचं, याने खरंच ऐकलं का? पटलं का? दिसायला त्यात काहीच नाही. आपण मेल्यावर याला कोण हटकणार?

एका सकाळी ती तिकडे गेली तर मधला एक पट्टा कापलेला. विळ्याने, व्यवस्थित, बुडापासून.

 कोणी नेलं? कुठल्या दावणीला पडलं? कुठल्या शेणात, कुठल्या ढिगात, कुणाच्या वाफ्यात? ते सगळं फिरणं तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, एका रानातून दुसऱ्या रानात, कुठेच न थांबणारं.  ती गवतात शिरली आणि धडपडत त्या पट्ट्यापर्यंत पोचली.

उंच गवताआड सून बसली होती. हातात विळा. कापलेलं गवत तिने तिथल्या तिथेच जमिनीवर अंथरलं होतं, जाड, मुळांवर.

"प्रयोगशाळेच्या बाईंना विचारलं मी," ती वर न बघता म्हणाली. "कापून इथंच कुजू दिलं तर मातीतले जीव लवकर काम करतात म्हणाल्या. बाहेर नाही जायचं काही, फक्त खाली जायचं." मग तिने मावशीकडे पाहिलं. "आई, अहो, अशा धावत का आलात!"

"मला वाटलं कोणीतरी नेलं."

"मलाही रोज वाटतं," सून म्हणाली. "रोज सकाळी उठून आधी इथं येते. तुम्हाला कशाला सांगू म्हटलं, आधीच झोपत नाही तुम्ही."

मावशी तिच्या शेजारी खाली बसली.  सुनेने कडेला ठेवलेला दुसरा विळा उचलून तिच्या हातात दिला.

"उद्यापासून मला हाक मारत जा," मावशी म्हणाली. "दोघी येऊ."